आगमनकाळ परत हवा

चर्चच्या दिनदर्शिकेप्रमाणे नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आपल्याकडे तो नोव्हेंबर सरता सरता सुरू होतो आणि २५ तारखेला दुपारची पंगत उठली की आटोपतो. मग डोळ्यांसमोर उरतो तो थर्टी फर्स्ट. सण सुरू व्हायच्या दिवशीच आपण त्यातून बाहेर पडलेले असतो. नुसता तारखांचा घोळ असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण नाताळच्या आधीचे चार आठवडे गाळले की नाताळचा धार्मिक अर्थच हातातून निसटतो असं माझं ठाम मत आहे. वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी हे चार आठवडे जाणीवपूर्वक परत मिळवायला हवेत.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात तो आगमनकाळ. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो, त्याच्या सगळ्यात जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो. वेदीवर जांभळं वस्त्र येतं, फादरांच्या अंगावरही जांभळा झगा असतो. फुलांची आरास बेताची. एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हटलं जाणारं गौरवगीत या दिवसांत म्हणत नाहीत, कारण त्याची पहिली ओळ देवदूतांनी बेथलेहेमच्या रात्री गायिली आणि ती रात्र अजून यायची असते. तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो, आनंद जवळ आल्याची खूण म्हणून. दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या पेटवायची चाल मात्र बरीच अलीकडची आहे. हॅम्बर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिच विचर्न या धर्मगुरूने १८३९ मध्ये गाडीच्या एका चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना मोजता यावं, हा त्यामागचा विचार.

आता हेच दिवस चर्चच्या भिंतीबाहेर कसे दिसतात ते पाहा. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी सकाळी शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान रानातून ओरडून सांगतो, पश्चात्ताप करा, प्रभूचा मार्ग तयार करा. त्याच संध्याकाळी त्याच चर्चच्या पटांगणात ‘ख्रिसमस गॅदरिंग’ असतं. एका गॅदरिंगमध्ये मंचावर सुंदर गोठा मांडला होता, पेंढा, मेंढपाळ, बैल, गाढव, सगळं जिथल्या तिथे. आणि गव्हाणीत बाळ येशू निजलेला. आमच्या लहानपणी घरच्या गोठ्यातली गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असायची. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत आल्यावर घरातलं सगळ्यात धाकटं मूल बाळाला हातात घेऊन तिथे ठेवायचं. ती रिकामी गव्हाण पाहत आम्ही आठवडाभर घरात वावरत होतो. दोन आठवडे आधीच भरलेल्या गव्हाणीजवळ मुलं सेल्फी काढतात आणि पुढे जातात. यात त्यांची काहीच चूक नाही, थांबण्यासारखं तिथे आपण काही ठेवलेलंच नाही.

वाट पाहणं हा नाताळचा गाभाच आहे असं मी का म्हणते? ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ दावा असा की, देव माणूस झाला. तो एकाएकी राजाच्या रूपात प्रकटला असं आपण म्हणत नाही. तो एका मुलीच्या पोटात नऊ महिने वाढला. २५ मार्चला मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण आपण पाळतो, तिथपासून २५ डिसेंबरपर्यंत बरोबर नऊ महिने होतात. म्हणजे या श्रद्धेत देवानेच आधी वाट पाहिली, हाडामांसाला जेवढा वेळ लागतो तेवढा दिला. तो वेळ गाळून आपण थेट पाळण्यापाशी पोहोचलो की उरतो तो एका गोंडस बाळाचा वाढदिवस.

हे आपल्या मराठीत ज्याने सगळ्यात आधी नीट ओळखलं तो परदेशी होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला, त्याने दक्षिण गोव्यातल्या साष्टीत हयात घालवली आणि १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. शाळेत आपण त्याची मराठीची थोरवी सांगणारी ओवी शिकतो आणि तिथेच थांबतो. मला त्याची बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैल्या पुराणात ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि ४,२९६ ओव्या, दुसऱ्यात ५९ अवस्वर आणि ६,६६६ ओव्या. ख्रिस्ताचा जन्म दुसऱ्या पुराणात येतो. सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, नोहाचा प्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, प्रवक्त्यांची भाकितं असा सगळा जुना करार आधी ऐकावा लागतो. चार हजारांवर ओव्या सरतात, तारणारा अजून आलेला नसतो.

स्टीफन्सचे श्रोते नवख्रिस्ती होते. त्यांची जुनी पुराणं सुटली होती, नवी कथा त्यांना अजून आपली वाटत नव्हती. बाळाच्या जन्मापासून सुरुवात केली असती तर लवकर रंग भरला असता. त्याने तसं केलं नाही, कारण तारणारा आला हे सांगण्याआधी तारायचं कशातून हे उमगावं लागतं. इजिप्तमधली गुलामी, बाबेलमधला बंदिवास, पुन्हा पुन्हा चुकणारे राजे, हे सगळं ऐकून झाल्यावर जन्माची बातमी ऐकणाऱ्याच्या कानात निराळी वाजते. ग्रंथाचा पैला भाग म्हणजे एक लांबलचक आगमनकाळच आहे. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या शेतकऱ्यांना जेवढा धीर होता तेवढा आपल्यापाशी का नसावा?

वाट कोणाची पाहायची, हा पुढचा प्रश्न. इथे आगमनकाळाची वाचनं फार स्पष्ट बोलतात, आणि ती ऐकली नाहीत तर नाताळ निरुपद्रवी होऊन जातो. २२ डिसेंबरच्या मिस्सेत मरियेचं स्तोत्र वाचतात. पोटुशी मुलगी आपल्या नात्यातल्या एलिझाबेथच्या घरी उभी राहून म्हणते की देवाने सत्ताधीशांना सिंहासनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. ही अंगाई नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात लोक योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं? तो त्यांना उपास किंवा नवस सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धाक घालून पैसे उकळू नयेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तीन उत्तरं आजच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जशीच्या तशी लागू पडतात. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, तेव्हा धर्मगुरूने राजकारणात पडू नये असं म्हणणारे बरेच होते. योहानाचं उत्तर ज्यांनी आगमनकाळात दरवर्षी लक्ष देऊन ऐकलंय त्यांना तसा प्रश्न पडू नये.

संत बर्नार्डने बाराव्या शतकात ख्रिस्ताची तीन आगमनं सांगितली. एक देहाने, बेथलेहेमात. एक अखेरीस, वैभवाने. आणि मधलं, जे डोळ्यांना दिसत नाही, रोज माणसाच्या अंतःकरणात होणारं. चार आठवडे आहेत ते या मधल्या आगमनासाठी.

२५ डिसेंबर या तारखेवरून दरवर्षी एक वाद उकरला जातो, त्यात मी फार शिरत नाही. बायबलमध्ये जन्माची तारीख नाही. रोममध्ये या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची नोंद इसवी सन ३५४ च्या एका दिनदर्शिकेत सापडते, आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारी पाळतं. श्रद्धा तारखेवर उभी नाही, त्यामुळे तारीख डळमळली म्हणून ती डळमळत नाही.

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते मात्र गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप नोकरदारांचा. आखातातून माणूस दहा-बारा दिवसांच्या रजेवर येतो, शाळेची सुट्टी नाताळच्या तोंडावर लागते, २६ ला निम्मं गाव बाहेर गेलेलं असतं, मग सगळ्यांनी एकत्र जमायचं कधी? अडचण खरी आहे. पण लग्नांच्या बाबतीत हीच अडचण आपण केव्हाच सोडवली. आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात थाटाचं लग्न लावायचं नाही ही चर्चची जुनी शिस्त, त्यामुळे गोव्यात आणि वसईत नाताळ झाल्या झाल्या लग्नांची रांग लागते. आखातातले भाऊबंद त्या तारखा धरून रजा काढतात, हॉल वर्षभर आधी सांगून ठेवतात. लग्नासाठी जे जमतं ते नाताळच्या कार्यक्रमासाठी जमणार नाही हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप प्रॉटेस्टंट बांधवांचा. आमच्या परंपरेत हे जांभळे कपडे आणि मेणबत्त्या नव्हत्या, आम्ही का पाळावं? त्यांच्याजवळ इतिहासाचा आधार आहे. मराठी मुलखात आलेलं पहिलं अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरलं आणि १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावलं. त्या मंडळींचं मूळ अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कडक, साध्या प्युरिटन परंपरेत होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड होता, आणि तिथे नाताळची अधिकृत सुट्टी १८५६ मध्ये आली. देवाने सांगितलेलं नसताना सण कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. मला त्या सवालाबद्दल आदर आहे. पण आता नाताळ सगळेच साजरा करतात. सण स्वीकारला आणि त्याची तयारी तेवढी नाकारली, तर प्युरिटनांचा साधेपणाही हाती लागत नाही आणि जुन्या चर्चचं शहाणपणही. शिवाय १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या उपासनाक्रमात आगमनाचे रविवार आहेतच. नवं काही आणायचं नाही, छापलेलं पाळायचं आहे.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं युरोपातलं आहे, थंडीतल्या काळोख्या महिन्यांसाठी. पाचव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, तूरचा बिशप पर्पेत्युस याने संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला होता, तिथून ही परंपरा पुढे आली हे खरं. पण केरळातले सिरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपास धरतात, मांसमच्छी वर्ज्य करतात, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला आलेली त्यांची कुटुंबंही तो पाळताना मी पाहिली आहेत. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत समोर मटणाची डिश आली तर ती शांतपणे बाजूला सारतात. आणि आपल्या शेजारच्या घरांत काय चाललेलं असतं? आगमनकाळ बहुधा मार्गशीर्षाला गाठतो. त्या महिन्यात शेजारणी गुरुवारी उपास करतात, घट मांडतात, पोथी वाचतात, शेवटच्या गुरुवारी उद्यापन करतात. आधी व्रत आणि मग उद्यापन हा क्रम महाराष्ट्रातल्या कुणाही माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो आपल्यालाच तेवढा परका कसा झाला?

इथे एका लहानशा गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून नाताळच्या दहा-बारा दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरायची पद्धत आमच्याकडे आहे, गोव्यातही आहे. करवंटीत किंवा जुन्या डब्याच्या झाकणात माती घ्यायची, दाणे रात्रभर भिजवून दाट पसरायचे, वरून मातीचा पातळ हात फिरवायचा. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं, नाहीतर दाणे एका कडेला वाहून जातात. दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मुलं माती उकरून बघतात, तेव्हा त्यांचा हात धरावा लागतो. डबा खाटेखाली ठेवला तर रोपं पिवळट, उंच, लटपटणारी येतात. सकाळचं ऊन दाखवलं तर बुटकी आणि गर्द हिरवी. किती शिंपायचं, कधी उन्हात ठेवायचं, हे करता करता मूल शिकतं. मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आगमनकाळ शिकवते, आणि फळ्यावरच्या माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा ही करवंटी जास्त शिकवते असा माझा अनुभव आहे. बाजारात हिरवी प्लास्टिकची चटई मिळते. ती पाच मिनिटांत अंथरता येते, म्हणूनच ती गोठ्यात घालू नये.

असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावाजवळच्या गुहेत पहिला गाजलेला गोठा मांडला तेव्हा त्याने खरा पेंढा, खरा बैल, खरं गाढव आणलं होतं. ख्रिस्त किती हालात जन्मला हे डोळ्यांनी दिसावं एवढीच त्याची इच्छा होती. आज काही गोठ्यांवर जो खर्च होतो, स्पर्धांच्या बक्षिसांसाठी जी चढाओढ लागते, ती पाहिली की त्या गुहेपासून आपण कुठवर आलो याचं वाईट वाटतं. कष्ट करणाऱ्या तरुणांना मी नावं ठेवत नाही. रात्र रात्र जागून ते बांबू बांधतात, ही तयारीच आहे. पण गोठ्यातलं दारिद्र्य झाकलं जाईल इतकी रोषणाई त्यांनी करू नये, हे त्यांना सांगणारं कोणीतरी हवं.

आता सांताक्लॉजविषयी. काही राज्यांत शाळेतल्या मुलांना सांता करण्यावरून वाद झाले, पालकांची लेखी संमती घ्या असे आदेश निघाले. ख्रिस्ती माणसाला अशा बातम्यांनी दुखावल्यासारखं होतं, आणि त्यामागची नजर अनेकदा खरंच दुखावणारी असते. तरीही मी विचारते, आपण बचाव कशाचा करतोय? ज्याच्यावरून सांता आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप होता, ते ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. परंपरा सांगते की लग्नाला पैसे नसलेल्या तीन गरीब बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं. त्याचा सण ६ डिसेंबरला, म्हणजे ऐन आगमनकाळात येतो. देणाऱ्याचं नाव कळू नये म्हणून अंधारात गेलेला तो माणूस होता. मंचावरून चॉकलेटं उधळणाऱ्या लाल कपड्यांसाठी भांडण्यापेक्षा ६ डिसेंबरला मुलांना निकोलसची गोष्ट सांगून, नाव न सांगता कुणाची फी भरून आपण आपला सण जास्त चांगला राखू शकतो. नाताळ म्हणजे परदेशी तमाशा असं म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचा हक्कही त्यातूनच येईल.

आणि २५ नंतरचे दिवस? तेही आपण टाकून दिले आहेत. २६ ला संत स्तेफनचा सण, ख्रिस्तासाठी दगडांचा मार खाऊन मेलेला पहिला हुतात्मा. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बालकांचा सण. जन्माचा आनंद अजून ताजा असताना चर्च आपल्याला रक्त दाखवतं, आणि बाळाला घेऊन इजिप्तला पळणारं कुटुंब दाखवतं. हे बाळ या जगात सुरक्षित नव्हतं हे विसरू नका असं ते सांगणं आहे. आज जी कुटुंबं बॉम्बच्या भीतीने सीमा ओलांडत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थनेचा दिवस चर्चने आयता दिलेला आहे, आणि त्या दिवशी आपण पिकनिकला गेलेलो असतो.

गोव्यात शेवट अजून नीट राखलाय. ६ जानेवारीला रेइश मागुशला, चांदोरला आणि कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची फेस्तं, म्हणजे जत्रा, भरतात. कुएलीला तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन आपापल्या वाटेने टेकडी चढतात आणि वर कपेलापाशी, म्हणजे छोट्या चर्चपाशी, भेटतात. बारा दिवस पुरेल एवढा सण होता म्हणूनच तो तिथवर पोहोचतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिश कौन्सिलांकडे आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांकडे आहे. डिसेंबरच्या कार्यक्रमांचं नियोजन पावसाळ्यातच होतं, तेव्हाच ठरवा. गॅदरिंग २६ डिसेंबर ते तीन राजांच्या सणादरम्यान घ्या. आधीच्या चार आठवड्यांत कॅरल गात घरोघर जायचं असेल तर खुशाल जा, पण आगमनाची गीतं गा, आणि जिथे आजारी, एकटी माणसं आहेत त्या घरांपासून सुरुवात करा. गोठ्यातली गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, चर्चमध्येही आणि स्पर्धेतही. प्रायोजक २५ नंतरच्या कार्यक्रमाला पैसे देत नाहीत असं सांगितलं जाईल. तर गॅदरिंग लहान होऊ द्या. पटांगणात घरचे डबे आणून बसता येतं, आणि तीन राजांचा देखावा मुलं आईच्या जुन्या साड्या पांघरूनही करतात.